बसायचं कधी?

प्रश्न: पोटावरची चरबी काढून नितंबांत भरण्याची शस्त्रक्रिया होऊन पाच दिवस झाले. नीट बसायला कधी मिळेल? पडूनच राहू का?

उत्तर: पडून मुळीच राहू नका. जागेपणी दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं चाला, नाहीतर पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. पहिले दोन आठवडे शौचापुरतंच बसा. झोप पालथी किंवा कुशीवर. भरलेल्या चरबीला सुरुवातीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्या नव्याने तयार होईपर्यंत दाब पडला तर पेशी मरतात, गाठी होतात. पुढे साधारण आठव्या आठवड्यापर्यंत बसताना उशी मांड्यांखाली घ्या, नितंब अधांतरी राहिले पाहिजेत. मधे भोक असलेली गोल उशी नको, तिचा दाब नेमका नितंबांवरच येतो. दाबपट्टा सर्जन सांगतील तितके दिवस घाला. तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद. थोडी चरबी शरीर शोषून घेतंच, त्यामुळे आकार काहीसा उतरला तरी घाबरू नका.

मात्र अचानक धाप, छातीत दुखणं किंवा भोवळ आली, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. एकाच पोटरीला सूज, ३८ अंश सेल्सिअसवर ताप, जखमेतून पू किंवा पसरत जाणारी लाली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.