ठाण्याच्या आम्ही सहा जणी जानेवारीत गुलमर्गला गाइडबरोबर एका दिवसाचा स्नोशू ट्रेक करणार आहोत. बर्फ कुणीच पाहिलेला नाही. तयारी काय करावी?

तुम्ही लिहिलंय की वयं ३० ते ५५, येऊर-कर्नाळा पायांखालचं आहे आणि सगळ्यांना धास्ती थंडीची आहे. माझ्या मते थंडीपेक्षा जास्त काळजी घामाची करा.

ठाण्यात घाम आला तर फार तर चिकचिक होते. बर्फात स्नोशू (पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) घालून चालताना पायांना नेहमीपेक्षा खूप जास्त कष्ट पडतात, दहा मिनिटांत अंग तापतं आणि घाम आतल्या कपड्यात मुरतो. मग चहाला थांबलात की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो आणि हुडहुडी भरते. म्हणून निघताना किंचित थंडी वाजत असलेलीच बरी. पंधरा मिनिटं चालून झाली की थांबा आणि एक थर उतरवा. विश्रांतीला बसताना तो लगेच चढवा, थंडी वाजायची वाट बघू नका.

सुती कपडा अंगावर एकही नको. थर्मल, फ्लीस, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट हे बहुतेकींना माहीत असतं. चूक होते ती ब्रामध्ये. बाकी सगळं नीट घेतात आणि आत रोजची सुती ब्रा. पाठीवर सॅक असते, त्यामुळे पट्टे आणि पाठीकडची पट्टी भिजते आणि दिवसभर ओलीच राहते. पॉलिएस्टरची स्पोर्ट्स ब्रा घ्या, निकरही तशीच. मोजे लोकरीचे, एकच जोड. दोन जोड कोंबले की बुटात पाय आवळला जातो, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. दुसरा जोड सॅकमध्ये कोरडा ठेवा. वाटेतल्या दुकानांत फरचे कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, ते फोटोपुरते ठीक. गमबुटात पाय घामेजतो आणि टाच आत सरकते, त्यामुळे स्नोशूचा पट्टा कितीही आवळला तरी पाय डुगडुगतो. घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट आणि गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) इथूनच घेऊन जा. बूट महिनाभर वापरून मऊ झालेले असावेत.

आता स्नोशूबद्दल. आपल्याकडे हा प्रकार अजून नवा, स्कीइंगच जास्त चालतं. त्यामुळे आयोजकांकडे मोजकेच जोड असतात आणि बऱ्याचदा मोठ्या मापाचे. माप पायावर नाही, वजनावर ठरतं : तुम्ही, कपडे आणि सॅक मिळून. ८० किलोपर्यंत साधारण ८ इंच रुंद, २१ ते २५ इंच लांब पुरतो. ३० इंची पुरुषी जोड पायात आला तर कडा एकमेकींवर आपटतात, पाय फाकून चालावं लागतं आणि संध्याकाळी जांघेत भरून येतं. पैसे भरण्याआधी सहाही जणींची वजनं कळवा आणि मापं विचारा.

घालताना आधी बुटाच्या तळाचा बर्फ झटका, नाहीतर तो दाबून घट्ट होतो आणि पाय तिरका बसतो. चवडा बरोबर स्नोशूच्या बिजागरीवर, म्हणजे पाय उचलताना पट्टा जिथे वळतो तिथे आला पाहिजे. बूट फार पुढे सरकला तर पाऊल टाकताना बुटाचं टोक पुढच्या भोकाच्या कडेला अडतं आणि तुम्ही तोंडावर पडता. आधी पुढचे पट्टे, मग टाचेचा. बकलं बाहेरच्या बाजूला हवीत, ती आत आली तर डावा-उजवा बदललाय. टाच मोकळी उचलली गेली पाहिजे.

चढताना चवड्याखालचे दात बर्फात रोवा. चढ सलग असेल तर टाचेखालची तारेची कमान उभी करा, पोटऱ्या वाचतात. उतरताना गुडघे सैल, वजन किंचित टाचांकडे. मागे मात्र चालू नका, स्नोशूचं शेपूट रुततं आणि माणूस बसतोच. वळायचं तर मोठा वळसा घ्या. पडलात तर पोटावर वळा, दोन्ही काठ्या फुलीसारख्या बर्फावर आडव्या ठेवा, त्यांवर हात टेकून आधी गुडघ्यांवर या. काठ्यांना खाली रुंद चकती हवी, नाहीतर त्या मुठीपर्यंत आत जातात. ताज्या बर्फात ताशी दीड-दोन किलोमीटर चाल झाली तरी चांगली. पहिल्या दिवसाला चार किलोमीटर पुष्कळ.

पाणी. बायका लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळतात, आणि हवा कोरडी असल्याने दुपारपर्यंत डोकं धरतं. दीड ते दोन लिटर प्याच. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, गोठायला सुरुवात वरून होते, तोंड मोकळं राहतं. नळीची पिशवी नको, नळी आधी गोठते. लघवीला जाताना स्नोशू काढू नका, कमरेपर्यंत रुताल. उताराला आडवं उभं राहून जागा तुडवून घट्ट करा आणि मग बसा. एक मैत्रीण हाकेच्या अंतरावर हवीच. देवदाराच्या अगदी बुंध्याशी आडोसा घेऊ नका, फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो आणि माणूस त्यात घसरून अडकू शकतो. कागद, पॅड सगळं झिपच्या पिशवीत परत. ओले वाइप्स आतल्या खिशात ठेवा, बाहेर कडक होतात.

खायला शेंगदाण्याचा लाडू, खजूर, गूळपोळी उत्तम. तिळाची कडक वडी थंडीत दगड होते. थर्मासमध्ये आल्याचा चहा. गॉगल यूव्ही ४०० हवाच, ताजा बर्फ ८० टक्क्यांच्या आसपास अतिनील किरणं परत फेकतो. म्हणून सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावा.

गाइडला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली, वाट कुठली? हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. नवख्यांची वाट गुलमर्गच्या सपाट मैदानात आणि सौम्य उताराच्या जंगलात असावी, वर तीव्र उतार नसलेली. गोंडोलाने (रोपवेने) वर अफरवटला नेतो म्हणाले तर नाही म्हणा, त्या डोंगरावर २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत परदेशी स्कीअर हिमस्खलनात दगावले आहेत. मोठी हिमवृष्टी झाल्यावर पहिले एक-दोन दिवस धोका सर्वाधिक, तेव्हा तारीख पुढे ढकलायची मुभा आधीच लिहून घ्या. दुसरी, गाइडचं शिक्षण कुठलं? मनाली, उत्तरकाशी, पहलगाम, गुलमर्ग इथल्या सरकारी संस्थांचा कोर्स केलेला असावा. सहा जणींमागे एक गाइड आणि शेवटी चालणारा एक मदतनीस, त्यातली एक बाई असेल तर फारच छान.

ठाणे समुद्रसपाटीला आणि गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. पोचलात त्याच दिवशी ट्रेक नको, किमान एक रात्र तिथे झोपा.

सराव सहा आठवडे आधी सुरू करा. मामा-भांजे, पारसिक किंवा खारघरची टेकडी आठवड्यातून दोनदा, बाकी दिवशी सोसायटीचे जिने, प्रत्येक पायरीला गुडघा मुद्दाम उंच उचलून. कारण तिथे दुखते ती मांडीची पुढची बाजू. उरणच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत तासभर चालून बघा, पाय रुतण्याची बरीचशी कल्पना येते.

आणि परत आल्यावर गाडीत बसायच्या आधी मोजे आणि ब्रा बदला. त्यासाठी एक ओढणी सॅकमध्ये ठेवा, आडोशाला दोघींनी धरली की पुरते.