रात्रपाळीत पाना कुणाकडे असतो?

सोलापूर,
रविवार, दुपार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या औषध कारखान्यातल्या ब्लेंडरच्या, म्हणजे पावडर मिसळायच्या यंत्राच्या, सफाईच्या एसओपीचा (काम कसं करायचं ते पायरीपायरीने सांगणाऱ्या कागदाचा) तुझा खर्डा वाचला. अकरा पानं लिहिलीस, मेहनत दिसते. पेन्सिल घेऊन मी फक्त तीन शब्द मोजले: 'नीट', 'व्यवस्थित' आणि 'आवश्यकतेनुसार'. चौदा वेळा आलेत. जे आपण ठरवायचं ते चौदा ठिकाणी ब्रश धरणाऱ्यावर ढकललंस. रागावू नकोस, मीही हेच करायचो.

माझीच फजिती सांगतो. एका कारखान्यात असताना ब्लेंडरच्या खालच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हचा (फिरत्या चकतीने उघड-बंद होणाऱ्या झडपेचा) स्वॅब, म्हणजे धुतल्यावर काही उरलंय का ते बघायला पुसून घेतलेला नमुना, वरचेवर फेल व्हायचा. व्हॉल्व्ह खोलून गास्केट (सांध्यातलं रबरी कडं) काढून धुवावं, असं एसओपीत मीच लिहिलं होतं. प्रत्येक वेळी चौकशीत 'ऑपरेटरची चूक' लिहायची, त्याला पुन्हा ट्रेनिंग द्यायचं, सही घ्यायची, फाइल बंद. तिसऱ्या वेळी मी रात्रपाळीला जाऊन कोपऱ्यात उभा राहिलो. व्हॉल्व्ह खोलायचा पाना मेंटेनन्सच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली संध्याकाळी सहालाच घरी जायची. पोरगा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, बोटाला कापड गुंडाळून जमेल तेवढं आतून पुसत होता. एसओपी बिनचूक होती, पण दिवसपाळीपुरती. दुसऱ्या दिवशी पाना साखळीने ब्लेंडरच्या स्टँडलाच अडकवला. तो स्वॅब पुन्हा फेल झालेला मी पाहिला नाही. ज्याला तीनदा ट्रेनिंग दिलं त्याची माफी मात्र मागायची राहून गेली.

तेव्हा आधी टेबल सोड. तिन्ही पाळ्यांत जा, स्टॉपवॉच घे, आणि कुणाला काही शिकवू नकोस, नुसतं बघ. कोण कुठला पार्ट आधी काढतो, शिडी कुठे टेकवतो, हात कुठवर पोचतो, चष्म्यावर वाफ आली की काय करतो. चांगला ऑपरेटर एसओपीत नसलेलं काहीतरी हमखास करतो. तेच तुला हवं आहे.

मग आकडे. सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने सफाईचे चार घटक एका वर्तुळात मांडलेत: रसायन, तापमान, वेळ आणि घासण्याचा जोर. एक कमी पडला तर बाकीच्यांनी भरून काढायचा. यंत्राच्या सफाईत चारही बटणावर बसतात. हाताच्या सफाईत जोर ज्याच्या त्याच्या मनगटात असतो, तो कागदावर बांधता येत नाही. म्हणून उरलेले तीन आवळून बांध. किती लिटर पाण्यात किती मिली डिटर्जंट, पाणी किती अंशाचं, कोणता ब्रश, कोणत्या भागाला किती मिनिटं. आणि मिनिटं ठरवताना तालमीतला गडी धरू नकोस, सगळ्यात हलका हात धर.

पहिल्याच धुण्याला गरम पाणी लिहिलंस. का? तुमच्या त्या प्रॉडक्टमध्ये स्टार्च आहे ना? गरम पाण्यात त्याची खळ होते आणि ती स्टीलला धरून बसते. खळ म्हणजे काय ते या गावात कापडवाल्यांना विचार. आधी साध्या पाण्याने सुटी पावडर उतरव, गरम पाण्याचं नंतर बघ. शेवटचं पाणी प्युरिफाइडच हवं. बोअरचं घेतलंस तर वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग राहतील, आणि क्यूए (गुणवत्ता बघणारा विभाग) आणि प्रॉडक्शन तासभर भांडतील की हे औषध की क्षार.

पुसायचं कापडही नाव घालून लिही. आपलं गाव टॉवेलचं, त्यामुळे कुणीतरी घरचा टर्किश टॉवेल आत आणतोच. त्याचे तंतू सुटतात. धागे न सोडणारी वाइप ठरव आणि तीच स्टोअरला भरून ठेवायला लाव. नाहीतर पुन्हा पान्याचीच गोष्ट.

ब्लेंडर धुतला, पण ब्रश, बादली आणि होज कोण धुतं? खर्ड्यात एक ओळ नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाचं, एफडीएचं, १९९३ सालचं सफाईच्या तपासणीवरचं मार्गदर्शक काढून वाच. त्यात १९८८ सालची हकिकत आहे: कोलेस्टायरामिन रेझिन हे औषध बाजारातून परत बोलवावं लागलं, कारण त्यात कीटकनाशकांचे अंश सापडले. ते आले होते सॉल्व्हंटच्या (विद्रावकाच्या) पिंपांतून. आधी कीटकनाशकाच्या कामातलं सॉल्व्हंट ठेवलेली पिंपं पुढे या औषधाच्या सॉल्व्हंटला वापरली गेली. तुझी बादलीही तसलंच पिंप आहे.

डोळ्यांची तपासणी वाळल्यावरच कर, कारण ओलं स्टील नेहमी स्वच्छच दिसतं. टॉर्च समोरून मारू नकोस, पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपी धर. पावडरीचा पुसट थर सावली टाकतो. मागच्या कडांना आरसा लागेल. पण डोळ्यांवर थांबू नकोस, स्वॅब हवाच, आणि तो घ्यायचा तर जिथे हात पोचत नाही तिथला: व्हॉल्व्हची सीट, गास्केटची खाच, वेल्डिंगची कड. मधल्या गुळगुळीत पत्र्याचा स्वॅब काय, कुणीही पास करेल.

व्हॅलिडेशनच्या, म्हणजे ही सफाई दर वेळी जमते हे सिद्ध करायच्या, तीन फेऱ्या तुमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरकडून करून घेणार आहेस, असं दिसतं. नको. तिघांचे हात वेगवेगळे घे, त्यात एक नवखा, आणि एक फेरी रात्रपाळीच्या शेवटी. मळकं यंत्र जास्तीत जास्त किती तास पडून राहू शकतं, तेही खरं धर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला निम्मी माणसं सुट्टीवर असतात, तेव्हा ब्लेंडर किती वेळ तसाच राहतो ते लॉगबुकात बघ. आणि तीन फेऱ्या झाल्या म्हणून विषय संपत नाही. युरोपच्या जीएमपीचं (औषधं बनवायच्या नियमांचं) परिशिष्ट १५ सांगतं की हाताची सफाई अजून काम करते का, हे ठरावीक काळाने पुन्हा तपासायचं, आणि तो काळ का निवडला याचं कारण द्यायचं. कारण यंत्राचा हात बदलत नाही, माणसाचा रोज बदलतो.

भाषेचं राहिलं. तुमच्या शॉप फ्लोअरवर निम्मे घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, आणि एसओपी इंग्रजीत. मराठीत कर, वाक्यं लहान ठेव, प्रत्येक पार्टला नंबर आणि फोटो दे. मग एकाला मोठ्याने वाचायला लाव आणि दुसऱ्याला तेवढंच ऐकून खोलायला सांग. जिथे तो थांबेल तिथे तुझं वाक्य चुकलंय.

दुसरा खर्डा पाठवशील तेव्हा तिन्ही पाळ्यांचे स्टॉपवॉचचे आकडे सोबत जोड, खाडाखोड असली तरी तोच मूळ कागद. पुढच्या रविवारी घरीच ये ना. काकूने शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, आणि तुमच्या व्हॉल्व्हचं जुनं, टाकून दिलेलं गास्केट मिळालं तर घेऊन ये, खाच कुठे भरते ते तुला हातात धरून दाखवतो.

तुझा,
काका