तांबड्या समुद्राला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क

दापोली तालुक्यातून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगा लायबेरियाच्या झेंड्याच्या मालवाहू जहाजावर ऑर्डिनरी सीमन (कनिष्ठ खलाशी) आहे. जहाज आता सुएझमार्गे तांबड्या समुद्रात उतरणार. मुलाची तयारी नाही, पण ‘नाही म्हणालास तर सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) रद्द होईल’ असा त्याला नोकरी लावणाऱ्या एजंटचा दम आहे. हल्ला झाला किंवा त्याला पकडून नेलं, तर कायदा कुणाच्या बाजूने?

नमस्कार. कायदा तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. पण युद्धाचा कायदा प्रामुख्याने दोषी कोण ते ठरवतो. मुलाला आज उतरवून घ्यायचं तर नोकरीचा करारच हातात घ्यावा लागेल.

आधी हल्ल्याचं. लढाईत नसलेल्या देशाच्या झेंड्याचं व्यापारी जहाज हे नागरी जहाज. ते शत्रूसाठी शस्त्रं वाहत असेल, शत्रूच्या युद्धनौकांच्या ताफ्यातून चालत असेल किंवा अशाच प्रकारे लढाईत हातभार लावत असेल, तरच त्याचं संरक्षण जातं. मालकाचा इस्रायलशी संबंध आहे, एवढ्यावरून ते लष्करी लक्ष्य होत नाही. इस्रायलशी संबंधाचं कारण देत इथे जहाजांवर हल्ले केलेला येमेनचा सशस्त्र गट म्हणजे हुथी. ते मान्यताप्राप्त सरकार नसले तरी १९४९च्या जिनिव्हा करारांचं सामाईक कलम ३ लढणाऱ्या सशस्त्र गटांनाही बांधतं, आणि ओलीस धरणं त्यात स्पष्ट निषिद्ध आहे. तरीही मार्च २०२४मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर हुथींचं क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले, वाचलेल्यांना आयएनएस कोलकाताने उचललं. म्हणून तुमची भीती अवाजवी आहे, असं मी म्हणणार नाही.

पकडलं तर तो युद्धकैदी ठरत नाही. तो दर्जा लढणाऱ्या देशाच्या व्यापारी जहाजावरच्या खलाशांना मिळू शकतो. लायबेरिया या लढाईत नाही. म्हणजे ‘लढाई संपेपर्यंत ठेवू’ असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. हुथींनी पकडलेल्या ‘गॅलक्सी लीडर’ जहाजाचे २५ खलाशी नोव्हेंबर २०२३पासून जानेवारी २०२५पर्यंत अडकले. सुरक्षा परिषदेने जानेवारी २०२४मध्येच ठराव २७२२ करून त्यांची सुटका मागितली होती. त्यानंतरही वर्ष गेलं.

इथे एक फट आहे, ती नीट पाहा. सागरी कामगार करार २००६मध्ये नंतर दुरुस्ती झाली: चाचेगिरीत किंवा सशस्त्र लुटीत खलाशी ओलीस राहिला तर पगार चालू राहतो. पण या दोन्हींच्या व्याख्येत ‘खासगी हेतू’ हवा. हुथींचा हेतू राजकीय, म्हणून ही तरतूद लागू नाही, असा बचाव कंपनी घेऊ शकते. मुलाच्या करारपत्रात युद्धामुळे अटक किंवा ओलीस झाल्यास पगार चालू राहील, असं कलम आहे का ते आजच वाचा. नसेल तर कंपनीकडून लेखी मागा.

आता नकाराचं. सीडीसी रद्द करणं एजंटच्या हातात नाही. तो अधिकार सरकारी यंत्रणेचा. जहाजावर आयटीएफशी (वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) संलग्न सामूहिक करार (संघटना आणि कंपनी यांच्यातला) असेल आणि त्यात हा पट्टा युद्धसदृश क्षेत्र म्हणून जाहीर असेल, तर खलाशी नकार देऊ शकतो: कंपनीच्या खर्चाने घरवापसी, वर दोन महिन्यांचा मूळ पगार भरपाई. गेलाच, तर त्या काळात मूळ पगाराइतका बोनस आणि मृत्यू वा अपंगत्वाची दुप्पट भरपाई. ही यादी बदलत असते, म्हणून नुसी या खलाशांच्या संघटनेच्या मुंबई कार्यालयात जहाजाचा आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) देऊन आजची स्थिती विचारा. सामूहिक करार नसेल तर मुलाच्या करारपत्रातलं युद्धक्षेत्राचं कलम हाच आधार.

हल्लेखोरांवर भारतात खटला? जिनिव्हा करार अधिनियम, १९६० आहे, पण त्याखाली सरकारच्या तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेत नाही. तुमची खासगी फिर्याद चालणार नाही. त्यात वेळ घालवू नका.

मुलाने नकार कॅप्टनला ईमेलने द्यावा, जहाज सुएझला पोचण्याआधी, कारणासह. प्रत एजंटला आणि डीजी शिपिंगला (केंद्र सरकारचं जहाज वाहतूक महासंचालनालय). एजंटचा दम व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर तो पुसू नका, आणि फोनवर असेल तर आजची तारीख टाकून तो शब्दशः लिहून ठेवा. एजंटच्या आरपीएसएल परवान्याविरुद्ध (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) तक्रार करायची झाली तर हे दोन कागद लागतील.