नाव खोटं होतं, मग ओळखलं कसं?

(माझ्याकडे मन मोकळं करायला आलेल्या एकीची ही गोष्ट, तिला विचारून लिहिते आहे. गाव, वय, सणसुद्धा बदललाय. का, ते पुढे कळेलच.)

आल्या आल्या तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर तळहात. वीसेक मिनिटं तो हात हलला नाही. मग फोन माझ्याकडे सरकवला. जाऊबाईंनी पाठवलेला स्क्रीनशॉट. खाली एक शब्दही नाही.

लग्नाला नऊ वर्षं, दोनदा दिवस राहून गर्भपात झालेला. घरात त्यावर बोलायची सोय नाही, म्हणून बायकांच्या एका ऑनलाइन गटात तिने खोट्या नावाने लिहिलं होतं: "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओल्या हरभऱ्यांनी सगळ्यांच्या ओट्या भरल्या. माझ्यापाशी येऊन हात थांबला. आंब्याची डाळ मात्र दिली..."

स्क्रीनशॉट आल्यापासून चार रात्री तिला झोप नव्हती. "मॅडम, ओळखलं कसं? आणि असं लपून लिहिणं ही लबाडीच ना?"

लबाडीचा प्रश्न मला फार जणी विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: नाही. जिचं ऐकायला घरात कुणी नाही, तिने आडोसा घेतला तर त्यात खोटेपणा कसला? पडद्याआड माणसाची जीभ सैल सुटते, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्येच सविस्तर मांडलंय. त्याच सैलपणाने कुणी शिवीगाळ करतो, कुणी वर्षानुवर्षं गिळलेलं बोलून टाकतो. हिने कुणालाही दुखावलं नव्हतं.

ओळखण्याचं म्हणाल, तर नाव ही सगळ्यात वरवरची खूण. आम्ही तो मजकूर कागदावर उतरवला आणि पेन्सिलीने खुणा केल्या: सण, हरभरे, थांबलेला हात, डाळ. त्या दिवशी त्या खोलीत असलेल्या कुणालाही हे वाचून कळलंच असतं. मी विचारलं, "यातलं तुझं वाक्य कोणतं?" तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: "कशी आहेस, एवढं तरी कुणी विचारावं." त्यावर एकही खूण नव्हती.

खोट्या नावाने लिहिणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते. दुःख आहे तसं लिहा. प्रसंग, तारीख, गाव, मुलांची वयं बदला. फोटो नकोच. गटातल्या बायकांना नाव दिसत नसलं, तरी खातं उघडताना दिलेला मोबाइल नंबर कंपनीकडे असतो, हेही ध्यानात ठेवा. आणि रात्री दोनला जीव घुसमटला, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

जाऊबाईंना काय उत्तर द्यायचं, ते मी तिच्यावर सोडलं. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "'हो, मीच लिहिलंय' एवढंच पाठवलं." उत्तर अजून आलेलं नाही. झोप मात्र लागते.

परवा तिने नवीन मजकूर टाकण्याआधी मला वाचून दाखवला. त्यात ना सण होता, ना डाळ. ऐकताना माझाच गळा दाटून आला.