बेडरूममधल्या सेट-टॉप बॉक्सपासून हॉलमधल्या टीव्हीपर्यंतची एचडीएमआय केबल काढून वायरलेस करता येईल का? (फ्लॅट दादरला, मध्ये विटांची भिंत)

एकाच खोलीत असतं तर हो म्हटलं असतं. भिंतीमुळे गाडं अडतं.

४के चित्र सेकंदाला ६० फ्रेम्सनी, कॉम्प्रेस न करता पाठवायला सेकंदाला साधारण १२ गिगाबिट लागतात. घरच्या वाय-फायवर एवढा वेग प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा पट्टा वापरात आला: २००८ मध्ये वायरलेसएचडी हे मानक, मग वायगिग हे दुसरं, ज्याच्या २०१२ च्या मानकात कमाल वेग जवळपास ७ गिगाबिट होता. म्हणजे त्या वेगातही ४के थोडं कॉम्प्रेस करूनच पाठवावं लागतं. या लहरींची लांबी जेमतेम ५ मिलिमीटर, त्यामुळे विटांची भिंत त्यांना पार होत नाही. मध्ये माणूस उभा राहिला तरी चित्र अडखळू शकतं. पण मुंबईत भिंत पार न होण्याचा हाच गुण फार मोलाचा आहे! आपल्या इमारतींत शेजाऱ्यांचे दहा-वीस राउटर एकमेकांवर आदळत असतात, ६० गिगाहर्ट्झमध्ये शेजाऱ्याचा सिग्नल घरात शिरतच नाही. मला या तंत्रज्ञानाकडून खरी आशा आहे ती यामुळेच.

तुम्ही मात्र सरळ बॉक्स टीव्हीपाशी आणा. त्यावर ओटीटी बघत असाल, तर ते ४के आधीच कॉम्प्रेस केलेलं असतं, त्याला २५ मेगाबिटचं वाय-फाय पुरतं.