बीटातून बाहेर पडण्याआधी: एका चुकलेल्या माणसाचं लांबलचक उत्तर

तुमची पोस्ट वाचताना मला माझा जानेवारी महिना आठवला. तुम्हाला बीटा, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरची चाचणीसाठी दिलेली कच्ची आवृत्ती, टाकून आठ दिवस झालेत, सकाळी सातला १०० टक्के असलेली बॅटरी दुपारी एकला २० वर येते, खिशात फोन तापतो, सर्व्हिस सेंटरवाले बॅटरी बदला म्हणतात. वैतागून तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘आज रात्रीच बीटा सोडतो.’ बाकीचं सावकाश वाचा, पण हे आत्ता ऐका. आज रात्री सोडू नका. आणि सोडल्यावर ‘अपडेट’ म्हणून जे येईल ते तर अजिबात टाकू नका.

ब्राइटनेस, डार्क मोड, लोकेशन वगैरे तुम्ही करून झालं असणार, त्यात शिरत नाही. मी सॉफ्टवेअरवाला नाही, नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. त्यामुळे हा माझ्या फोनचा अनुभव समजा. फोन कुठल्या कंपनीचा होता ते मुद्दाम लिहीत नाही.

माझं नुकसान बॅटरीने केलं नाही, बॅटरी वाचवायच्या नादाने केलं. वडिलांचा दिंडोरी तालुक्यात द्राक्षाचा प्लॉट आहे. माल निर्यातीला द्यायचा तर फवारणीची नोंद लागते: कुठलं औषध, किती प्रमाण, कुठल्या तारखेला, काढणीच्या किती दिवस आधी. वडील संध्याकाळी फोनवर सांगायचे आणि मी नोट्समध्ये टिपून घ्यायचो. औषधाच्या बाटलीच्या लेबलचा आणि बिलाचा फोटोही काढून ठेवायचो. गोडी छाटणीपासूनचं (ऑक्टोबरच्या सुमाराला फळांसाठी होणारी छाटणी) सगळं माझ्या फोनमध्ये होतं, वही नव्हती. बीटा टाकल्यावर बॅटरी उतरायला लागली तेव्हा मी बॅटरीच्या यादीत वर दिसेल ते एकेक बंद करत सुटलो. त्यात फोटोंचा बॅकअपही बंद केला. नोट्सचं सिंक, म्हणजे त्यांची इंटरनेटवर जाणारी प्रत, तीही बंद केली. त्याने दिवसाकाठी फार तर दोन-तीन टक्के वाचले असतील.

मग सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, पण तिथे तीन चकरा मारल्या. पहिल्या वेळी टोकन घेऊन दोन तास बसलो. काउंटरवरच्या मुलाने व्हर्जन बघितलं आणि ‘बीटा आहे, आमच्याकडे येत नाही’ म्हणून फोन परत दिला. दुसऱ्या वेळी दुसरा मुलगा होता, तो म्हणाला बॅटरी बदला. फोन दहा महिन्यांचा होता. तिसऱ्या वेळी आतून एक साहेब आले आणि म्हणाले, ‘बीटा सोडा, एक-दोन दिवसांत अपडेट येईल, ते टाका, फोन पहिल्यासारखा होईल.’ फोन खरंच पहिल्यासारखा झाला, अगदी खोक्यातून काढला तेव्हा होता तसा. डेटा जाईल हे वाक्य तिघांपैकी एकाने उच्चारलं नाही. ग्राहकाला एवढं विचारायला काय लागतं, की तुमचा बॅकअप आहे का? जॉबशीटवर बारीक अक्षरात ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ छापलेलं असतं, ते मला नंतर कळलं. मला आजही त्याचा राग येतो.

ते अपडेट टाकताना फोनवर डेटा जाईल अशी एक सूचना नक्की आली असणार. रात्री साडेअकराला, दिवसभराची ड्युटी करून, मी ती न वाचता पुढे गेलो. ही चूक माझी, ती कुणावर ढकलत नाही. पण सकाळी फोन भाषा निवडा म्हणत होता. कृषी सेवा केंद्राची बिलं आणि वडिलांची आठवण यांवरून आम्ही अकरा दिवस यादी जुळवत होतो. दोन तारखा शेवटपर्यंत बसल्या नाहीत. निर्यातदाराचा माणूस थांबला नाही, माल जागेवरच्या व्यापाऱ्याला द्यावा लागला. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत.

म्हणून आधी बॅकअप चालू करा, मग बॅटरीचं बघा. फोटो, नोट्स, व्हॉट्सअॅप, तिन्ही. वायफाय आणि चार्जर लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी फोटो आणि नोट्स दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर उघडून खरंच गेलंय का ते डोळ्यांनी बघा. व्हॉट्सअॅपचा बॅकअप तसा उघडत नाही, त्याच्या सेटिंगमध्ये शेवटच्या बॅकअपची वेळ बघा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करा, तो बॅकग्राउंडची कामं अडवतो.

आता बॅटरी. नवीन बिल्ड (बीटाची नवी आवृत्ती) पडल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती उतरणारच. फोन आतून अॅप्स पुन्हा जुळवून घेतो, फोटोंची यादी नव्याने करतो. शिवाय बीटात दोष पकडण्यासाठी नोंदी जास्त ठेवल्या जातात. तुमचे आठ दिवस झालेत, म्हणजे एवढं कारण पुरत नाही.

माझ्या मते अशा वेळी एकच चाचणी कामाची, आणि ती एका वेळी एकच गोष्ट बदलून करायची. एका रात्री झोपताना टक्के लिहून ठेवा आणि सकाळी बघा. दुसऱ्या रात्री तेवढेच तास, पण फ्लाइट मोडवर. माझा फोन पहिल्या रात्री आठ तासांत २२ टक्के उतरला, फ्लाइट मोडवर २ टक्के. तिथेच कळलं की बॅटरी ठणठणीत आहे, नेटवर्कशी संबंधित काहीतरी खातंय. स्क्रीन बंद करून फोन निवांत ठेवला की अँड्रॉइड गाढ झोपी जातं. ही सोय २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आहे. माझ्या बीटात नेटवर्कचा भाग त्याला झोपू देत नव्हता. त्यात आमच्या कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ५जी येतं आणि जातं, आणि रेंज कमी झाली की फोन जास्त जोर लावतो. सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ४जी केलं, नको असलेलं दुसरं सिम बंद केलं आणि संध्याकाळी सहाला ४५ टक्के दिसायला लागले. दुर्दैवाने हे मला सगळं पुसून झाल्यावर सुचलं. पुढे दुसऱ्या, जुन्या हँडसेटवर बीटा टाकला होता, त्यावर ही चाचणी केली.

फ्लाइट मोडवरही तेवढीच बॅटरी उतरली तर अँड्रॉइडवर सेफ मोडमध्ये एक रात्र काढा, त्यात बाहेरून टाकलेली अॅप्स चालत नाहीत. तिथे फरक पडला तर दोषी तुमचंच एखादं अॅप. नाहीच पडला तर बिल्डचा दोष समजा आणि फीडबॅक पाठवा. नुसतं ‘बॅटरी टिकत नाही’ लिहून उपयोग नाही. रात्रीचे दोन्ही आकडे लिहा आणि अँड्रॉइड असेल तर डेव्हलपर ऑप्शनमधला बग रिपोर्ट (फोनने ठेवलेल्या दोषांच्या नोंदी) जोडा. बीटा त्यासाठीच असतो.

बॅटरी बदलायच्या आधी सायकल (पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्या) किती झाल्यात बघा. आयफोन १५ पासून पुढे हा आकडा सेटिंगमध्येच दिसतो, काही अँड्रॉइडमध्येही दिसतो. अॅपल आयफोन १४ पर्यंतच्या बॅटरीबद्दल ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता सांगतं, १५ पासून १००० सायकल. दीड-दोनशे सायकल झालेली बॅटरी असली तर सहसा पैसे घालवू नका.

एक मात्र मनावर घ्या, उष्णता. बिल्डचा दोष पुढच्या बिल्डमध्ये दुरुस्त होऊ शकतो, पण तापून गेलेली क्षमता परत येत नाही. अॅपल आयफोन ३५ अंशांपर्यंतच वापरा असं सांगतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तापलेला फोन दुचाकीच्या हँडलला लावून, मॅप चालू ठेवून, वर पॉवर बँक जोडून द्वारका ते पाथर्डी फाटा नेऊ नका.

सोडायचंच असेल तर घाई न करता सोडा. गूगलच्या पिक्सेल फोनवर मधेच बीटा सोडला की मागच्या व्हर्जनचं अपडेट येतं आणि ते फोन पूर्ण पुसतं. ते न टाकता स्टेबल (सगळ्यांसाठीचं पक्कं) व्हर्जन येईपर्यंत थांबलात तर डेटा राहतो. आयफोनवर सेटिंगमध्ये बीटा अपडेट बंद करून पुढचं सार्वजनिक व्हर्जन येऊ द्या. लगेच मागे जायचं तर कॉम्प्युटर लावून फोन रिस्टोअर करावा लागतो, आणि बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढत नाही. बाकी कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात, तुमच्या कंपनीच्या बीटाच्या पानावर एकदा वाचून घ्या.

आणि फोन पुसावाच लागला तर यूपीआय नव्याने चालू करताना बँकेत नोंदवलेलं सिम फोनमध्ये लागतं आणि त्यावरून एसएमएस जावा लागतो. रिचार्ज संपलेला नाही ना बघा, डेबिट कार्डही जवळ ठेवा. मी पेट्रोल पंपावर उभा होतो आणि खिशात रोख नव्हती.

तुमचं सिम कुठलं, ऑफिसमध्ये रेंज कशी, आणि दोन रात्रींचे आकडे इथे लिहा. मी दुपारी दोननंतर बघेन, सकाळी प्लॉटवर असतो.