वकील झालीस ना, मग आता काय?

जून-जुलै आला की माझ्या ठाण्याच्या, नौपाड्यातल्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात ऐकू येतं. "मॅडम, लॉ झालं, सनद मिळाली, पण मला काहीच येत नाही." यावर्षी इतक्या वेळा ऐकलं की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. खाली जी मुलगी आहे ती खरं तर तीन-चार जणांची मिळून एक आहे, ओळखू येईल असं सगळं बदललंय.

कळव्याची. बारावीनंतरचं पाच वर्षांचं लॉ, पास झाली २०२४ ला. आणि नेमकं त्याच वर्षी १ जुलैपासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. म्हणजे पाच वर्षं ४२० घोकलं आणि बाहेर पडते तर ते ३१८ झालेलं. "माझं शिक्षण एक्स्पायर झालं हो," म्हणाली. मी हसले, ती नाही हसली.

ऑल इंडिया बारची परीक्षा सुटली, कोर्ट नाक्याजवळ एका सिनियरकडे लागली, महिना पाच हजार. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात ज्युनियरला किमान वीस हजार द्या असं पत्रक काढलंय, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि सिनियरला ते दाखवायची हिंमत कोण करणार. बरोबरीची पोरं बीकेसीत फर्ममध्ये, रात्री त्यांच्या लिंक्डइनवरच्या पोस्ट बघत झोप जायची. जज व्हायचं होतं तर मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. त्यात मावशी विचारते घटस्फोटाची केस घेतेस का, आणि खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठून डीम्ड कन्व्हेयन्सचं (बिल्डर देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं) काय ते विचारतात. हिला ते कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून ही जिना टाळायची. कोर्ट सुटलं की तलावपाळीवर सात वाजेपर्यंत बसून राहायची, घरी लवकर जायला नको म्हणून.

पहिल्या तीन-चार भेटी अशाच गेल्या. मग एकदा मी विचारलं, "आज काय केलंस?"

"काही नाही."

"सकाळी कुठे होतीस?"

"कोर्टात. आमचं मॅटर बोर्डावर खूप खाली होतं, तरी लवकर पुकारलं, सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले. मी फक्त पासओव्हर मागितला, म्हणजे थोड्या वेळाने पुकारा म्हणून."

"कोणाकडे?"

"जजसाहेबांकडे."

"दिला?"

"दिला. त्यात काय मॅडम."

आता आमच्या विवेकनिष्ठ पंथात (विचार तपासून बघणारी मानसोपचाराची पद्धत) याला काय म्हणतात ते राहू दे, पण भर कोर्टात उभं राहून बोललेली मुलगी दिवसाच्या हिशोबात 'काही नाही' लिहिते तेव्हा हिशोबाची वही चुकीची असते, दिवस नाही. हे मी तिला सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरली असती. म्हणून गप्प बसले (हे शिकायला मला वीस वर्षं लागली) आणि नुसतं विचारलं, कोर्टात रोजचं कुठे लिहितात?

"रोजनाम्यात."

"काय लिहितात त्यात?"

"कोण हजर, काय दाखल झालं, पुढची तारीख."

"वकील हुशार होता की नाही, ते?"

"छे, ते कशाला लिहितील."

"आणि निकाल?"

"निकाल शेवटी एकदाच. बाकी सगळ्या तारखांना नुसती नोंद..." असं म्हणता म्हणता ती थांबली. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग हळूच म्हणाली, "मी रोज रात्री निकाल देते."

खरं सांगू, हे वाक्य माझं असायला हवं होतं, पण तिचं निघालं आणि म्हणूनच ते टिकलं.

आठ दिवस स्वतःचा रोजनामा लिहायला सांगितला. विशेषणं नाहीत, फक्त घडलं ते. सहाच नोंदी आणल्या, पण काय नोंदी. "मंगळवार. नक्कलेचा अर्ज केला. कोर्ट फीचं तिकीट कमी लावलं म्हणून परत आला. पुन्हा केला." आणि एक, "रविवार. बाबांनी विचारलं किती मिळतात. से दाखल केला नाही." (से म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी उत्तर.)

तुमच्यापैकी जे या घाटात आहेत त्यांच्यासाठी थोडं. कॉलेजने कायदा शिकवला, कोर्ट शिकवलं नाही, ते उभं राहून राहूनच येतं आणि सगळ्यांचं तसंच येतं. तीन वर्षांची अट म्हणजे शिक्षा नव्हे, प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ त्यात धरतात, म्हणजे तुमचे पासओव्हर मागण्यातले दिवससुद्धा मोजले जातायत. सिनियरशी पैशाचं बोलायचं तर सहा महिन्यांनी, काय काय करतोय ते सांगून, रडून नाही. माहीत नसलेलं कुणी विचारलं तर "बघून सांगतो" म्हणा, मोठमोठे वकीलसुद्धा तेच म्हणतात, फक्त जरा भारी आवाजात. रात्री दहानंतर लिंक्डइन बंद. पण झोप-जेवण आठवडेच्या आठवडे गेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर रोजनामा वगैरे बाजूला ठेवा, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा किंवा टेलिमानसला १४४१६ वर फोन करा.

काकांना तिने जिन्यातच सांगितलं, मला आत्ता येत नाही, शनिवारी वाचून सांगते. शनिवारी डिस्ट्रिक्ट डेप्युटी रजिस्ट्रारकडे अर्ज कसा करायचा ते सांगितलं, काका खूश, चहा पाजला. बाबांचं मात्र महिनाभर लांबलं. वागळे इस्टेटमधून रिटायर झालेला माणूस, ती म्हणायची त्यांना पाच हजार ऐकून काय वाटेल. शेवटी एका रात्री जेवताना सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "देतात होय? मला वाटलं फुकटच राबतेस, म्हणून मी तुझ्या पासाचे पैसे बाजूला काढून ठेवत होतो."